म्हाताऱ्याचं प्रोटीन

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि माझी मावशी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला समोरच्याची थोडी तरी पर्वा असावी लागते. तिला कुणाचीच नाही.

"त्या भुताखेतांच्या पानावर टाकणार आहेस ना?" ती मला म्हणाली. "टाक. वाचणारे सगळे रिकामटेकडे. पण एक लिही, की मी भुतं मानत नाही. आजही मानत नाही."

"मग ते काय होतं?"

"काय झालं ते सांगते. त्याला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव."

तेव्हा तिने सांगितलं तसंच सांगते. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांची निराशा होईल. हे सगळं घडलं भर दुपारी. जोडून आलेल्या सुट्ट्यांमधली एक दुपार, आणि जागा म्हणजे एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तळघरातली कोल्डरूम.

कोल्डरूम म्हणजे खोलीएवढा फ्रिज. खिडकी नाही. पांढरा दिवा, लोखंडी फळ्या, कोपऱ्यात एक बेसिन आणि एक उंच स्टूल. दार वीतभर जाड. आत कुणी अडकू नये म्हणून दाराला आतून एक दांडा. तो ढकलला की खट्‌ असा आवाज होऊन दार उघडतं. बाहेर खुंटीला एक जुना जाड कोट. आत जाणारा प्रत्येक जण तोच घालायचा. मावशी नाही घालायची.

"दहा जणांच्या घामाचा वास अंगावर घेण्यापेक्षा थंडी परवडली."

आता मावशीचं काम. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, "एवढं तरी तुझ्या डोक्यात शिरेल" असं म्हणत.

पेशीला बाहेरून एक पातळ तेलकट कातडी असते. काही प्रोटीन त्या कातडीत रुतून बसलेली असतात. ती नुसत्या पाण्याने निघत नाहीत. साबण लागतो. पण जहाल साबण घातला तर प्रोटीनचा चेंदामेंदा होतो. म्हणून ही मंडळी सौम्य जातीचा वापरतात. नॉन-आयोनिक डिटर्जंट. त्याच्यावर विजेचा भार नसतो, त्यामुळे तो ओरबाडत नाही. प्रोटीनभोवती अलगद गोळा होतो, आपण अजून तेलातच आहोत असं त्याला वाटू देतो आणि उचलून बाहेर आणतो. मधासारखा दाट असतो. पिपेटमध्ये घाईने ओढला की बुडबुडे. जोरात ढवळला की फेस.

आणि फेस झाला, की प्रोटीन मेलं.

त्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता म्हातारा. तोंडावर 'सर', पाठ वळली की म्हातारा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, लांब वाकडी बोटं. तो कुणाच्याही मागे येऊन उभा राहायचा. काम बघायचा. आणि नाकातून एक आवाज काढायचा.

"हुं..."

बस. तेवढाच. समोरच्यावर शब्दसुद्धा खर्च करायचा नाही.

मावशीला मात्र त्याने खास शब्द दिले होते. ती नवीन असताना, सगळ्यांच्या देखत. "तुमचे हात धुणं धुवायला चांगले आहेत. डिटर्जंट हा शब्द ऐकून आलात का इथे?"

दुसरी कुणी असती तर रडत बाहेर गेली असती.

मावशी म्हणाली, "तुमचं धुणं कोण धुतं, सर? कॉलर बघवत नाही."

तेव्हापासून दोघांचं हाडवैर. त्याने तिला काढलं नाही, कारण तिच्याएवढं काम दुसरं कुणी करत नव्हतं. तिने नोकरी सोडली नाही, कारण तो तेवढीच वाट बघत होता.

म्हाताऱ्याने अख्खी उमर एका प्रोटीनमागे घालवली. हृदयाच्या पेशीच्या कातडीतला एक पंप. तो बाहेर यायचा, पण मेलेला. नाहीतर अर्धमेला, संध्याकाळपर्यंत गार. पंप जिवंत आहे का हे बघायची एक साधी चाचणी असते. पिवळा द्रव घालायचा. जिवंत पंप त्याला हिरवा करतो. म्हाताऱ्याच्या नळ्या वर्षानुवर्षं पिवळ्याच्या पिवळ्या.

मग एका रविवारी म्हातारा गेला. सुट्टी असून लॅबला निघाला होता. बूट घालायला खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

शोकसभा झाली. सगळे भरभरून खोटं बोलले. म्हाताऱ्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. काकू. तिला तोवर कुणी फारसं पाहिलंही नव्हतं. ती पर्सचा चाप उघडत होती, मिटत होती. "ते आम्हाला वडिलांसारखे होते" असं कुणीतरी म्हणालं आणि ती उठून निघून गेली.

"त्या सभेत शहाणं माणूस एकच होतं," मावशी म्हणते. "ती."

प्रयोगशाळा मावशीकडे आली.

तिने पहिलं काम केलं ते म्हाताऱ्याच्या बाटल्या तपासायचं. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या डिटर्जंटच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. अर्ध्या वापरलेल्या. झाकणं सैल. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर.

आणि ही जात उजेडाने, हवेने आतून बिघडते. दिसायला तशीच नितळ दिसते. पण आत पेरॉक्साइड तयार होतं आणि ते प्रोटीनला गुपचूप जाळतं. कागदाची एक पट्टी बुडवून बघतात. निळी झाली की बाटली बाद.

मावशीने पट्टी बुडवली.

निळीशार.

ती एकटीच खो खो हसली. "जगाला अक्कल शिकवणारा माणूस! आणि जन्मभर स्वतःच्याच हाताने विष घालत होता."

सगळ्या बाटल्या तिने रासायनिक कचऱ्याच्या गाडीत चढवल्या, स्वतः उभी राहून. हवाबंद काचेच्या कुप्यांमधला ताजा माल मागवला. म्हाताऱ्याचाच पंप आता ती जिवंत काढून दाखवणार होती. संस्थेची समिती बसायची होती. पंप दाखवला तर गट टिकणार होता. नाहीतर सगळ्यांना दुसरीकडे नोकऱ्या शोधाव्या लागणार होत्या, आणि सगळ्यात आधी मायक्रोस्कोपवालीला.

मायक्रोस्कोपवाली म्हणजे मावशीची सहकारी. प्रोटीनचे कण मोठ्या यंत्राखाली बघायचं काम तिचं. गोड बाई. मावशीला गोड बायका आवडत नाहीत.

काम सुरू झालं... आणि तेही सुरू झालं.

मावशीच्या वापरात एक डिटर्जंट होता विचित्र स्वभावाचा. थंडीत तो पाण्यात विरघळून नितळ राहतो. ऊब लागली की दुधासारखा पांढरा होतो. म्हणून त्याचं काम कोल्डरूममध्येच करायचं. मावशीने काचेच्या भांड्यात द्रव घेतला, ढवळायच्या यंत्रावर ठेवला, अगदी मंद. काचेतून मागची भिंत दिसत होती.

ती पेन आणायला बाहेर गेली. परत आली.

भांड्यातला द्रव... दुधाळ झाला होता.

तिने भिंतीवरचं तापमान पाहिलं. होतं तेवढंच गार. तिच्या तोंडातून वाफ येत होती.

तिने भांड्याला हात लावला.

समोरची बाजू बर्फासारखी.

मागची बाजू... कोमट. एका तळव्याएवढी जागा. जणू आत्ताच कुणीतरी हात काढून घेतला असावा.

आणि तिच्या डोळ्यांसमोर तो पांढरेपणा हळूहळू विरला. द्रव पुन्हा नितळ.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"मेकॅनिकला फोन केला," मावशी म्हणाली.

मेकॅनिक आला. त्याने फळ्या सरकवल्या, पंख्यामागे डोकं घातलं, सगळीकडे तापमान मोजलं.

"बाई, मशीन ठणठणीत आहे."

"मग भांडं गरम कसं झालं?"

"तुम्हीच धरलं असेल."

"मी बाहेर होते."

"मग दुसऱ्या कुणी धरलं असेल."

"आत कुणी नव्हतं."

मेकॅनिकने पेचकस खिशात घातला. "मग मला कशाला बोलावलंत? मी मशीन दुरुस्त करतो."

मावशीने त्याला हाकलून दिलं. पण त्याचं ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

नंतर एकदा ती पिपेटने डिटर्जंट ओढत होती. हात गारठले होते. जरा घाई झाली. टोकात एक बुडबुडा आला. अगदी बारीक.

आणि कानाशी...

"हुं..."

मावशी वळली नाही. "कॉम्प्रेसर," ती मोठ्याने म्हणाली.

कॉम्प्रेसर तेव्हा बंद होता. पंखाही थांबला होता. खोलीत इतकी शांतता होती की बेसिनच्या नळाचा थेंब पडलेला ऐकू आला.

तिने बुडबुडा काढला. पुन्हा ओढलं. या वेळी सावकाश.

काहीच आवाज आला नाही.

त्याच आठवड्यात मायक्रोस्कोपवाली तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे खाली.

"मी नाही हं आता त्या खोलीत जाणार."

"का?"

"तिथे कुणीतरी नाकातून आवाज काढतं."

"सर्दी झाली असेल."

"कुणाला?"

मावशीकडे उत्तर नव्हतं. म्हणून ती म्हणाली, "मूर्ख आहेस." तिच्याकडे उत्तर नसलं की ती हेच म्हणते.

ताज्या मालाने मावशीचा पंप बाहेर येत होता. म्हाताऱ्यापेक्षा बरा. चाचणीत रंग हिरवट व्हायचा, फिका. पण संध्याकाळपर्यंत तोही मरायचा. तिने सगळं बदलून पाहिलं. कमी डिटर्जंट, जास्त डिटर्जंट, दुसऱ्या जातीचा. पंप काही जगेना. समिती जवळ येत चालली.

आणि मग त्या जोडून आलेल्या सुट्ट्या.

इमारतीच्या विजेचं काम निघालं होतं, म्हणून संस्थाच बंद. कोल्डरूम तेवढी जनरेटरवर. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली मावशीजवळ. दुपारी जेवण झाल्यावर तिला राहवेना. जनरेटरवर तिचा भरवसा नव्हता. कुणावरच नसतो. ती निघाली.

लिफ्ट बंद. जिन्यात अंधूक. तळघरात तिच्याच चपलांचा आवाज. तिने कुलूप उघडलं, प्रयोगशाळेतून मागे गेली.

खुंटीवर कोट नव्हता.

तिने कोल्डरूमचं दार ओढलं.

आत कुणी नव्हतं. दिवा चालू. जाड कोट स्टुलावर पडलेला.

आणि टेबलावर... काम मांडलेलं होतं.

प्रोटीन गाळून वेगळं करायची काचेची उभी नळी, कॉलम, स्टँडला लावलेली. आतली भुकटी ओली. खालच्या तोटीला एक थेंब लोंबत होता. पडायच्या बेतात. बाजूला बर्फाचं भांडं, आणि बर्फात एकच नळी. झाकण लावलेली. आत नितळ द्रव. एकही बुडबुडा नाही.

मावशी बघत असताना तो थेंब पडला.

तिने काय केलं असेल? पळाली नाही. तिने नळी उचलली, उघड्या दारातून पडणाऱ्या उजेडात आणली आणि चाचणी लावली.

पिवळा द्रव घालताक्षणी हिरवा झाला. फिका नाही. गर्द. कोवळ्या गवतासारखा.

ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने पुन्हा चाचणी. हिरवा. संध्याकाळी पुन्हा. हिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली.

तेवढाच हिरवा.

तिने मायक्रोस्कोपवालीला घरून बोलावून घेतलं.

"हे तू केलंस?"

"मी? मी त्या खोलीत पाय तरी ठेवते का?"

"मग एक थेंब घे आणि बघ."

मोठं यंत्र दुसऱ्या इमारतीत होतं, तिथे वीज होती. मायक्रोस्कोपवाली गेली ती दुपारी परतली. तिचे डोळे भरून आले होते.

"असे कण मी आयुष्यात पाहिले नाहीत. सगळे सुटे, सगळे अखंड. कसं केलंत तुम्ही?"

"मी नाही केलं."

तिला कळलं. हळू आवाजात म्हणाली, "समितीला देऊन टाका. कुणाला कळणार आहे?"

मावशीच्या मनात दुसरंच चाललं होतं. एवढं जगणारं प्रोटीन कुठल्या डिटर्जंटमध्ये आहे? तिने नळीतला एक थेंब घेतला आणि पट्टीवर सोडला.

पट्टी... निळी झाली.

निळीशार.

ते म्हाताऱ्याच्या बाटल्यांमधलं होतं. उन्हात सडलेलं. तिने स्वतः गाडीत चढवलेलं. त्या विषात ते प्रोटीन मरायलाच हवं होतं. कुठल्याही पुस्तकात बघा, मरायलाच हवं होतं. आणि ते गवतासारखं हिरवं होतं.

मावशी म्हणते, भीती तिला तेव्हाही वाटली नाही. तिला एवढंच कळलं, की कुणीतरी तिला दाखवून देतंय. बघ. तू हसलीस ना? बघ.

ती नळी घेऊन ताडताड कोल्डरूममध्ये गेली. मायक्रोस्कोपवाली दारात उभी, दार धरून.

"सर," मावशी म्हणाली. स्टुलाकडे बघून. "एवढी अक्कल होती तर जिवंतपणी का नाही दाखवली?"

पंख्याची घरघर.

"लोकांच्या हातांना नावं ठेवलीत. माणसं रडवलीत. तेव्हा हे येत नव्हतं ना? आता मेल्यावर येतंय. आता कुणी चुका बघायला नाही, घाई नाही, भूक नाही, हात कापत नाहीत. त्यात काय मोठेपणा? मेलेल्या माणसाला काय, कुणीही करेल."

पंखा थांबला.

"तुमची भीक मला नको."

तिने नळीचं झाकण काढलं.

"नको!" मायक्रोस्कोपवाली ओरडली. "अहो, माझी नोकरी! ओतू नका!"

मावशीने नळी बेसिनमध्ये ओतली. वरून नळ सोडला. जोरात. बेसिनमध्ये पांढरा फेस चढला. चढतच गेला. एवढ्याशा द्रवाला एवढा फेस येत नसतो. तो काठापर्यंत आला आणि थांबला.

मग तिच्या मागे...

स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

कोट सळसळला आणि खाली पडला.

पावलं वाजली. सावकाश. म्हाताऱ्या माणसाची. तिच्या पाठीमागून, इतकी जवळून गेली की तिच्या मानेला ऊब लागली. त्या गारठ्यात... ऊब.

मायक्रोस्कोपवाली दारात होती. ती अचानक बाजूला झाली. आपण का बाजूला झालो, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कुणी मोठं माणूस आलं की आपण वाट देतो ना, तशी झाली. तिच्या हातून दार सुटलं आणि लागलं.

मग आतला दांडा आपोआप दबला.

खट्‌.

दार उघडलं. आणि सावकाश मिटलं.

पावलं प्रयोगशाळेतून, कॉरिडॉरमधून, जिन्यावरून वर गेली. मग ऐकू येईनाशी झाली.

कोल्डरूममध्ये त्यानंतर कधीही काही झालं नाही. भांडी नितळ राहिली. बुडबुडे आले तरी कुणी काही म्हणालं नाही.

समितीपुढे मावशीने स्वतःचा पंप ठेवला. फिका हिरवा, संध्याकाळपर्यंत मरणारा. "एवढंच जमलं," म्हणाली. समितीने गट अर्ध्यावर आणला. मायक्रोस्कोपवालीची नोकरी गेली. जाताना ती मावशीशी एक शब्द बोलली नाही, आजतागायत बोलत नाही. मावशीने पुढे स्वतःच्या पद्धतीने तो पंप चार दिवस जगवला. नाव झालं. त्या गर्द हिरव्याच्या जवळपासही तो कधी गेला नाही, हे फक्त तिला ठाऊक.

"पस्तावलीस कधी?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतकी मनावर घेतली नसती.

सुट्ट्या संपल्या त्या दिवशी मावशीच्या घरी फोन आला. मावशीच्या नवऱ्याने घेतला आणि तिच्याकडे दिला. "कुणीतरी बाई आहेत. फार चिडल्यात."

म्हाताऱ्याची बायको होती.

"तुमच्या लॅबमध्ये काय केलंत तुम्ही?" काकूंनी सरळ विचारलं.

"का? काय झालं?"

"हे घरी आलेत."

"कधी?" मावशीने विचारलं.

"परवा दुपारपासून. दार वाजलं नाही, काही नाही. मी भांडी घासत होते आणि मागे येऊन उभे राहिले. मला काय कळत नाही? एवढा संसार केलाय. आयुष्यभर त्या माणसाला घर माहीत नव्हतं. सणाला नाही, आजारपणाला नाही. मेले तेव्हा कुठे मी पाय पसरून झोपले. आणि आता तुम्ही घरी पाठवता? परत घेऊन जा!"

"काकू, मी कशी..."

"तुमचंच सामान आहे ते. माझं कधीच नव्हतं. घेऊन जा."

मावशी गेली. माझी मावशी कुणाकडे जात नाही, पण गेली. उन्हाने भरलेलं छोटं स्वयंपाकघर. काकूंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. ओट्यापाशी गेल्या, बेसिनमध्ये साबण ओतला आणि एक भांडं खसाखसा घासायला लागल्या. फेस हाताच्या कोपरापर्यंत.

"ऐका," त्या म्हणाल्या.

"हुं..."

फ्रिज आणि दाराच्या मधल्या मोकळ्या जागेतून आला तो आवाज. तिथे कुणी नव्हतं.

"ऐकलंत? मला भांडी घासायला शिकवतोय हा माणूस!" काकूंनी भांडं आपटलं. पण मावशीला आठवतं ते दुसरंच. काकूंनी पुन्हा भांडं हातात घेतलं, तेव्हा त्यांचा हात जरा सावकाश चालायला लागला होता. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मावशी तशीच परत आली. काकूंनी तिला दारापर्यंतही सोडलं नाही. "शिकलेल्या बाया," एवढं म्हणून आत वळल्या.

मग बरेच दिवस फोन आला नाही. मावशीला बरं वाटायला हवं होतं.

शेवटी एका दुपारी तिनेच केला.

काकूंनी उचलला. आवाज ओळखू येईना. मऊ, खालचा, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा.

"काकू, कशा आहात?"

"बरी आहे."

"ते... अजून...?"

"कोण?" काकू म्हणाल्या. खरंच कळलं नसल्यासारखं. मग त्या थांबल्या. फोनच्या पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग दुसरी खुर्ची.

त्या घरात काकू एकट्या राहतात. मूलबाळ नाही. कामाला कुणी येत नाही.

"काकू? कोण आहे तिथे?"

"नंतर बोलू हं," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आम्ही जेवायला बसतोय."